रंभा हत्तिणीचे इंग्रजी

१४ डिसेंबर १९०४, बुधवार. सकाळी दाट धुके, दहानंतर स्वच्छ ऊन, वारा अजिबात नाही. तळेगिरी संस्थानचे महाराज मानसिंगराव यांनी इंग्रजीचे पुस्तक खिडकीतून भिरकावले ते याच दिवशी.

'गेट' या एका शब्दाने त्यांना दोन वर्षे छळले होते. पुढे 'अप' आला की उठायचे, 'डाऊन' आला की उतरायचे, 'बॅक' आला की मागे सरायचे. शब्द एक आणि शेपट्या पन्नास! त्यातून 'इट' कुठे घालायचा हे तर कधीच जमले नाही. परवाच त्यांनी इंग्रज पाहुण्यासमोर शिपायाला रुमाल उचलायला सांगताना 'पिक अप इट' म्हटले आणि पाहुणा मिशीत हसला.

शिकवणारे सबनीस मास्तरही थकले होते. त्यांच्या तोंडून निघून गेले, "सरकार, इतके तर आपली रंभासुद्धा शिकेल."

रंभा म्हणजे संस्थानची हत्तीण.

महाराज फार शांतपणे म्हणाले, "मग शिकवाच. पुढच्या बुधवारी तिने माझे इंग्रजी हुकूम पाळले पाहिजेत. तिच्याशी मराठीत चकार शब्द कोणी काढायचा नाही. जमले नाही तर रंभा लाकडाच्या ठेकेदाराला विकतो आणि तुम्हाला तिच्यामागे ओंडके मोजायला धाडतो."

मास्तर घाम पुसत हत्तीखान्यात गेले. तिथे जुलेखा रंभेला आंघोळ घालत होती. वडील वारल्यापासून माहुताचे काम तीच करी. रंभा आणि ती एकाच अंगणात वाढल्या होत्या. विकायची गोष्ट ऐकून तिने अंग घासायची वीट खाली ठेवली.

"हट्ट महाराजांचा, जीभ तुमची, आणि ओंडके ओढणार माझी रंभा," ती म्हणाली. "चढा वर, मास्तर."

मास्तर आजवर बाकापेक्षा उंच कशावर चढले नव्हते. जुलेखाने त्यांना मानेवर बसवले, पाय गळ्यातल्या दोरात अडकवले आणि सांगितले की माहुताची हाक ही नुसती जागे करण्यापुरती. काय करायचे ते हत्तीला कानामागे टेकलेला माहुताच्या पायाचा अंगठा सांगतो. मग तिने त्यांची सगळी शेपट्यांची यादी म्हणून घेतली आणि प्रत्येक शेपटीला, 'इट'लासुद्धा, अंगठ्याची एक खूण ठरवली. आठवडाभर मास्तर 'गेट बॅक' ओरडत गावातून फिरले. रंभा मागे सरे आणि भाजीवाल्याही टोपल्या उचलून मागे सरत.

बुधवारी महाराज अंगणात खुर्ची टाकून बसले आणि हुकूम सोडायला त्यांनी तोंड उघडले.

"खुर्चीवरून नाही, सरकार," जुलेखा म्हणाली. "मानेवर बसेल त्याचेच ती ऐकते."

महाराज जन्मभर अंबारीत बसलेले, मानेवर कधीच नाही. पण सगळा वाडा बघत होता. त्यांनी मोजड्या काढल्या. कुठे काय दाबायचे ते जुलेखाने त्यांना खालून समजावले.

"गेट," महाराज गरजले. बसलेल्या रंभेने कान हलवले, बाकी काही नाही.

"ही ऐकत नाही!"

"ऐकले की. आता अंगठ्याची वाट बघतेय. नुसत्या हाकेवर ती कुठे जाणार?"

महाराजांनी 'अप' म्हणत अंगठे दाबले, रंभा उठली. 'बॅक' म्हणत अंगठे मागे ओढले, रंभा मागे सरली. मग जुलेखाने मास्तरांची पगडी काढून जमिनीवर ठेवली.

"पिक अप इट!" महाराज म्हणाले. रंभेने रिकामीच सोंड वर केली.

"वस्तू सोंडेत यायच्या आधीच अंगठा दाबलात, सरकार. ती बिचारी काय उचलणार?"

महाराज थोडे थांबले. "पिक... इट..." 'इट'ची खूण मिळताच रंभेने पगडी सोंडेत धरली. "अप!" पगडी वर गेली. 'पुट इट डाऊन' म्हणताच ती मास्तरांच्या डोक्यावर आली, उलटी.

महाराज खाली उतरले तेव्हा आनंदाने लालबुंद झाले होते. मास्तरांनी ती संधी सोडली नाही. त्यांनी एकामागून एक शेपट्या विचारल्या आणि महाराजांनी खुर्चीत बसल्या बसल्या सगळ्या बिनचूक सांगितल्या. मग एकाएकी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"थांब, बाई. ही फसवणूक झाली. हत्तिणीला इंग्रजी कुठे येते? ती तर नुसती अंगठ्यावर चालली. पैज हरलात, रंभा विकणार."

जुलेखाने मान लववली. "विका, सरकार. पण आत्ता मास्तरांना उत्तरे दिलीत, तेव्हा आपण कशावर चालला होतात?"

महाराजांनी खाली पाहिले. उघड्या पायांचे दोन्ही अंगठे अजून हलत होते. ते इतके हसले की खुर्ची मागे कलंडली. पडता पडता ओरडले, "गेट मी अप!" आणि शिपायांच्या आधी रंभेची सोंड पुढे आली.

रंभेची विक्री रद्द झाली. हत्तीखान्यामागचा उसाचा मळा जुलेखाच्या नावावर झाला. गुरुवारपासून महाराजांची शिकवणी हत्तीखान्यात सुरू झाली.