हेनुतचा तांबडा हात

नाईलच्या पश्चिम काठावर, हिरवी शेते जिथे एकदम संपतात आणि कोरडी टेकडी सुरू होते, तिथे खडकात कोरलेली एक लहानशी खोली आहे. राजेमहाराजांच्या कबरी पाहून पाय दुखू लागलेले प्रवासी इथवर क्वचितच येतात. जे येतात त्यांना म्हातारे रखवालदार दारातच अडवतात. त्यांना सगळे अम्म बदावी म्हणतात; अम्म म्हणजे आपल्याकडचे काका. बदावीकाका तिकीट नंतर पाहतात, आधी हात पाहतात. जुन्या वस्तू बघताना दोन्ही हात पाठीमागे बांधून डुलत चालायची आपल्या लोकांना भारी हौस. ते इथे चालत नाही. हात पुढे दिसले पाहिजेत, मगच आत.

आत समोरच्या भिंतीवर एकच चित्र आहे. नवराबायको बसली आहेत आणि पायाशी लहान मुलगी आहे. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे बाई पिवळ्या रंगाची, पुरुष तांबडा. पण बाईचा उजवा हात मनगटापासून पुढे तांबडा आहे, आणि पुरुषाचा उजवा हात मनगटाशीच संपतो. तिथला रंग उडालेला नाही. रेषा नीट वळवून बंद केलेली आहे. बघणाऱ्यांपैकी कोणीतरी विचारतेच, की पिवळा रंग संपला होता काय? बदावीकाका या प्रश्नाला हसत नाहीत. बसा म्हणतात, आणि सांगू लागतात.

फार पूर्वी या टेकडीच्या कुशीत कबरी बांधणाऱ्यांचे एक गाव होते म्हणे. गावाला विहीर नव्हती, पाणी नदीवरून गाढवांच्या पाठीवर यायचे. घरटी एक माणूस तरी या धंद्यात. कोणी खडक फोडणारा, कोणी गिलावा करणारा, कोणी चितारी. नेबरे हा त्यांतलाच एक चितारी.

चिताऱ्याच्या पोराने पहिल्यांदा कुंचला धरला की त्याला नियम शिकवत. गेरूत भिजवलेले सूत ताणून भिंतीवर मारायचे, म्हणजे चौकटी उमटतात. माणूस त्या चौकटींत बसवायचा. तोंड बाजूने, पण डोळा समोरून, पुरा. खांदे समोरून. पाय पुन्हा बाजूने, एकापुढे एक. आज कोणी तसे उभे राहायला गेले तर कंबरेत उसण भरेल. पण चित्र कसे दिसते याच्याशी त्या लोकांना काही देणेघेणे नव्हते, कारण ते कोणी बघायचेच नव्हते. कबर बंद झाली की आत अंधार. त्या अंधारात गेलेल्या माणसापाशी असायचे ते फक्त भिंतीवर असेल तेवढे. डोळा पुरा असेल तर त्याला दिसणार. भाकरी असेल तर तो जेवणार, आणि हात असेल तर ती उचलणार. म्हणून अंगाचा कुठलाच भाग आड जाऊ द्यायचा नाही, हा सगळ्यात मोठा नियम.

नेबरेचे घोडे नेमके इथेच पेंड खात होते. त्याला माणसे जशी उभी असत तशीच दिसत. फुटक्या खापरावर तो गंमत म्हणून काढायचा: पाठमोरा मुकादम, मुटकुळे करून झोपलेले मांजर, चुलीत डोके घालून फुंकणारी म्हातारी. लोक पोट धरून हसत. त्याचा मामा इपुय हा सगळ्या चिताऱ्यांचा मुख्य. तो मात्र म्हणायचा, "खापरावर काय वाटेल ते कर. भिंतीवर हे चाळे नकोत."

नेबरेच्या बायकोचे नाव हेनुत. गाढवे पाणी घेऊन आली की ती इतर बायकांबरोबर खाली जाई आणि येताना काही ना काही घेऊन येई. घरात शिरायची ती उजवा हात पाठीमागे धरूनच. "ओळख, काय आणलंय?" कधी अंजीर असे, कधी कांद्याची पात. कधी काहीच नसे, आणि मग ती हसून हसून बेजार होई. त्यांची लहानगी लेक तामित मागून बघायला धावे आणि आई तिला चुकवत गोल गोल फिरे. नेबरेचे सगळे सुख त्या उंबऱ्यावर होते, आणि ते त्याला कळतही होते.

पुराच्या दिवसांत तापाची साथ आली आणि हेनुत गेली.

देह मसाल्यांत मुरून तयार व्हायला बरेच दिवस लागत. तेवढ्यात नेबरेने कबरीच्या तळघरातली तिची भिंत रंगवायला घेतली. सूत मारले, चौकटी पाडल्या, डोळा पुरा काढला. आणि उजवा हात खांद्यापासून पाठीमागे नेला. तिला भेटायचे तर असेच भेटायचे, असे त्याच्या मनाने घेतले होते.

मामा दिवा घेऊन खाली उतरला. त्याने दिवा भिंतीजवळ धरला.

"हात कुठाय?"

"पाठीमागे आहे, मामा. ती अशीच यायची."

"कशी यायची ते मला ठाऊक आहे. भिंतीवर कुठाय?"

"मागे काहीतरी धरलंय, हे कुणालाही कळेल."

"कुणाला कळेल? इथे येणार कोण?" मामाचा आवाज चढला नाही. "तिला भूक लागेल तेव्हा ही भिंतच तिच्याजवळ असणार आहे. तुझी आठवण तिच्या काय कामाची? हात काढ."

नेबरे हो म्हणाला, आणि मामा त्याच्या शब्दावर विसंबला. पण कुंचला उचलला की नेबरेचे मन होईना. हात पुढे आणला की चित्रात गावातली कोणीही एक बाई बसलेली दिसे, हेनुत दिसेना. शेवटी त्याने ते चित्र तसेच ठेवले. तिला आत नेऊन ठेवले, दार चिणले, खाली उतरायचे भुयार दगडमातीने भरून टाकले.

सुरुवातीला कोणाच्या काही ध्यानात आले नाही. परातीत मळून ठेवलेल्या पिठाच्या गोळ्यावर बोटांचे ठसे उमटू लागले, आणि ते नेहमी डाव्याच हाताचे. पाण्याचा घडा कलंडलेला सापडे. कोणीतरी एका हाताने उचलायला जावे आणि पेलू नये, तसा. शेजारणी म्हणाल्या, मांजर असेल. नेबरेनेही मांजरच मानले, कारण तसे मानण्यात त्याला दिलासा होता.

मग एका संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा तामित उंबऱ्यावर उभी होती. उजवा हात पाठीमागे. पोर आईचा खेळ खेळते आहे, असे वाटून नेबरेचे डोळे भरून आले.

"काय आणलंस?" त्याने विचारले.

"काही नाही," तामित म्हणाली. "आईने धरलाय."

त्याने तिचा हात ओढून पुढे घेतला. हात थंडगार होता आणि बोटे मिटत नव्हती.

त्या दिवसापासून तो हात रोज थोडा थोडा जाऊ लागला. सकाळी तामितला त्याने खडा उचलता येई, सूर्य कलला की तो आपोआप पाठीमागे जाई आणि तिथेच राही. भाकरी हातातून गळून पडे. नेबरे कळवळून म्हणे, "तिला सांग ना सोडायला." तामित शांतपणे सांगे, "तिला भाकरी उचलायची असते, बाबा. मी तिथेच जाऊन बसले तर तिला सोपं पडेल, असं म्हणते ती." पोरगी घाबरलेली नव्हती.

गावात एक जाणती म्हातारी होती. तिने तामितचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि लगेच सोडून दिला. ती म्हणाली, "हेनुतला लेकीचं वाईट करायचं नाही. ती भुकेली आहे रे. पण आज हात घेतलाय, उद्या अख्खी लेक घेईल आणि तिला कळायचंही नाही. तू तिच्या भिंतीवर काय केलंस?"

नेबरे तडक मामाकडे गेला आणि त्याने सगळे सांगून टाकले. मामा रागावला नाही. तो एकदम म्हातारा दिसू लागला. तळघर उघडण्याची सोय नव्हती. पुरायला देह नसताना कबर उघडणारा तो चोर, आणि चोराला काय शिक्षा होते हे तिथल्या लहान पोरांनाही माहीत होते. राहिली ती वरची खोली. तिथे घरची माणसे नैवेद्य ठेवायला येत, ती उघडीच असे. नेबरेने तिथल्या भिंतीवर हेनुतला पुन्हा काढले, नियमात, दोन्ही हातांसकट. दुसऱ्या दिवशी पाहिले तर उजव्या हाताचा पिवळा रंग पापुद्रा होऊन जमिनीवर पडलेला. बाकी चित्राला ओरखडासुद्धा नव्हता. त्याने गिलावा खरवडून पुन्हा काढला. तो हात पुन्हा गळला.

"ती हाताशिवाय गेली," मामा म्हणाला. "आता तिथे नवा उगवत नाही. कुणाचातरी असलेलाच द्यावा लागेल. तामितचा ती घेतेच आहे."

नुसता सुटा हात रंगवून भागणार नव्हते. लढाईत पडलेल्या शत्रूचे हात कापून आणत, आणि चित्रातल्या सुट्या हाताचा अर्थ तेवढाच. देणारा माणूस शेजारी बसलेला हवा, आणि त्याने दिलेले स्पष्ट दिसायला हवे.

नेबरेने तामितला खोलीच्या दारात, उन्हात बसवले. हेनुतच्या शेजारी त्याने स्वतःला काढले, मामाने शिकवले होते तसेच, चौकटीत. समोर नैवेद्याचे मेज काढले. पायाशी लहान तामित काढली आणि आपल्या डाव्या हातात तिचा उजवा हात दिला, घट्ट.

"उजवा देणार, आणि हा असा गुंतवलास," मामा मागून म्हणाला, "मग तू तिथे जेवणार कशाने?"

"बघू," नेबरे म्हणाला. "तिचा हात मी सोडणार नाही."

ऊन कलले. दारातल्या तामितचा हात पाठीमागे गेला आणि ती उठून उभी राहिली. भुयार जिथे बुजवले होते तिकडे तोंड करून ती चालू लागली. मामाने धावत जाऊन तिला धरले, पण त्या एवढ्याशा पोरीला आवरताना त्याची दमछाक होऊ लागली म्हणे.

नेबरेने मागे वळून पाहिले नाही. त्याने तांबड्या रंगात कुंचला बुडवला, स्वतःला रंगवले होते त्याच रंगात. आपल्या खांद्यावरून, तोंडापुढून मेजाकडे पसरलेला हेनुतचा पंजा त्याने त्या रंगाने भरला: तळवा वर, बोटे उघडी. त्याला भीती वाटत होती. आपल्या उजव्या हातावर त्याचे फार प्रेम होते. चित्रांवाचून दुसरे काही त्याला येतच नव्हते. मग त्याने आपल्या चित्रातल्या उजव्या मनगटाशी कुंचला टेकवला, एक रेषा आडवी ओढली आणि ती बंद केली. रेषा मिळाली आणि कुंचला खाली पडला. त्याने उचलायला हात पुढे केला, तर बोटे मिटेनात.

बाहेर तामित मामाच्या मिठीत ढसाढसा रडत होती. दोन्ही हातांनी तिने त्याची मान आवळून धरली होती.

भिंतीवरचा तांबडा हात गळला नाही. घरात पुन्हा घडा कलंडला नाही, पिठावर ठसे उठले नाहीत. नेबरेला याचा आनंद झाला, आणि आता हेनुत येणार नाही याचे दुःखही झाले. गावकऱ्यांत मात्र कुजबूज सुरू झाली, की हे चित्र नियमाबाहेरचे आहे, ते पुसून टाका. मामाने त्यांना खोलीत नेले आणि विचारले, "यात काही लपलंय का?" त्याने दिवा चित्रावरून फिरवला. "सगळं दिसतंय ना? मग नियमातच आहे." त्यानंतर तो विषय कोणी काढला नाही. नेबरे पुढे पुष्कळ वर्षे जगला. डाव्या हाताने रंग वाटायचा, दिव्याच्या वाती वळायचा. उजवा हात त्याच्या अंगाला नुसता लोंबत असे.

तो गेला तेव्हा तामित स्वतः आई झाली होती. लोक खालचे भुयार उपसत होते, दोघांना एकाच जागी ठेवायचे म्हणून. तोवर ती वरच्या खोलीत एकटी बसून चित्र बघत राहिली. बापाचा एक हात आईकडे. दुसरा आपल्या हातात, आणि तो सुटणार नाही हे बापाने तेव्हाच सांगितले होते. समोर मेजावर भाकऱ्या रचलेल्या, आणि त्यांच्यापुढे तो उपाशी बसलेला. आई भरवेल, असे तिला वाटले. पण भिंतीवर जे नाही ते तिथे नाही, हे त्या गावच्या लेकीला कोणी सांगायला नको होते. तिने कोपऱ्यातला बापाचा कुंचला उचलला. तिला कोणी चित्र काढायला शिकवलेले नव्हते.

आजही बदावीकाका गोष्ट संपली की टॉर्च वर नेतात आणि नेबरेच्या तोंडाजवळ धरतात. तिथे त्या तांबड्या तळव्यावर एक भाकरी आहे. चौकटीत बसत नाही, एका अंगाला कललेली, रेषा जाड आणि थरथरलेली. बायका नकळत आपल्या पोरांचा हात हातात घेतात. ती भाकरी तामितने उजव्या हाताने काढली, असे सांगतात.