आबासाहेबांची मूळ संख्या

हे बाहेर बोलायचं नाही, असं मोठ्या बाईंनी मला बजावलंय. तरी लिहिते.

रमिला पाडवीच्या गावात दहावीचा वर्ग नाही, म्हणून तिला आमच्या वसतिगृहात जागा हवी होती. संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब स्वतःला मोठे गणिती समजतात. ते हसत म्हणाले, "एक ते नऊ सगळे अंक एकेकदाच वापरून नऊ अंकी मूळ संख्या आण. जागा तुझी."

रमिलाने आठवडाभर वही भरली. सोमवारी मी आमच्या दहावीच्या वर्गाचा हजेरीपट द्यायला ऑफिसात गेले, तेव्हा ती त्यांच्यासमोर उभी होती.

"सापडली का गं?"

"अशी संख्याच नाही, साहेब. अंक कसेही मांडले तरी बेरीज पंचेचाळीस, म्हणजे नवाने भाग जाणारच. तुम्हाला ते ठाऊक होतं. नुसतं 'नाही' म्हणाला असतात, तर मी आठवडाभर आशेवर राहिले नसते."

आबासाहेब चष्मा पुसत राहिले. वसतिगृहाच्या यादीत रमिलाचं नाव आलं नाही.

एसटीच्या खिडकीतून ती मला म्हणाली, "दहावी झालीस की तुझं गणिताचं पुस्तक मला दे. मी घरीच..." आणि मी तिला, आत्ता रेक्टरबाई हाक मारताहेत, मी तिला 'हो, देते' एवढंही