लाल रेघ आणि धुक्यातला उतारू

सूर्य वर आला तरी धुकं जिथं अंथरूण सोडायचं नाही, अशा एका तळ्याच्या काठी बकुळी राहायची. घर म्हणजे कुडाच्या चार भिंती आणि गळकं छप्पर. आई नव्हती. होते ते तिचे वडील, म्हणजे तिचे आबा, भिवा नावाडी, आणि त्यांची जुनी होडी. आठ वर्षांची बकुळी दिवसभर होडीत बसून आत शिरलेलं पाणी करवंटीनं उपसायची. तिची इवलीइवली बोटं गारठून लाल व्हायची. तरी आपल्या भाकरीतला एक तुकडा ती रोज तळ्यातल्या चंदेरी मासोळ्यांना टाकायची.

होडीत पाणी का शिरायचं, ते सांगते. या तळ्यावर नावाड्याला पैसे द्यायची रीत नव्हती. पलीकडे जाणारा प्रत्येक उतारू त्याला काहीतरी खायला द्यायचा. कुणी पिवळाधमक लाडू, कुणी दहीभात, कुणी तुपानं चमचमणारी पुरणपोळी. नावाड्यानं ते देणाऱ्याच्या डोळ्यांदेखत खायचं. नको म्हटलं की उतारूचं तोंड एवढंसं व्हायचं. "माझाच लाडू का बरं नको?" असं विचारलं की भिवा विरघळायचा. पक्का भिडस्त माणूस. दिवसाला वीस उतारू म्हणजे वीस जणांचा आग्रह. खाताखाता भिवा इतका जड झाला, की दोन पावलं चालला तरी त्याला धाप लागायची आणि होडी पाण्यात खोल बसायची.

होडीच्या कडेला लाखेची एक लाल रेघ होती. पाणी त्या रेघेखाली असलं तर होडी सुखरूप, वर चढलं तर धोक्याची. माघातल्या एका सकाळी गावचे पाटील काठावर आले आणि खाली वाकून बघू लागले. रेघ दिसेचना.

"भिवा, चैत्री पुनवेला देवीची पालखी हिच्यातनंच पलीकडं जायची," पाटील म्हणाले. "बुडल्या रेघेच्या होडीत देवी कशी बसवू मी? तवर रेघ वर आली तर बरं. न्हाईतर होडी दुसऱ्याच्या हाती जाईल."

होडी गेली की झोपडीही जाणार होती, कारण जो नावाडी असेल त्याचीच ती झोपडी.

त्या गावात एखादा पदार्थ सोडायचा, तर तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायचं आणि त्याचं नाव घेऊन ते खाली सोडायचं. भिवानं तेच केलं. "भात सोडला," तो म्हणाला. आठ दिवसांनी दूधतूप सोडलं. मग डाळ सोडली, मग गूळ. उतारूंपुढे हात जोडून तो उपाशी बसायचा. संध्याकाळ झाली की मात्र त्याला अशी काही वखवख सुटायची, की उरलेल्या भाकऱ्यांवर तो तुटून पडायचा. आठदहा भाकऱ्या कधी संपल्या ते त्यालाही कळायचं नाही. रेघ केसभरही वर आली नाही. वल्ही धरताना त्याचे हात तेवढे थरथरायला लागले.

आणि आणखी एक गोष्ट झाली, ती फक्त बकुळीनं पाहिली.

भात सोडला त्या दिवशी दिवेलागणीला हिरव्यागार कमळपानावर वीतभर उंचीची एक पोरगी उभी होती. पांढराशुभ्र झगा, निथळणारे केस. तिला चेहरा नव्हता. चेहऱ्याच्या जागी सगळं शितासारखं गुळगुळीत होतं. तरीही ती त्यांच्या घराकडेच बघत होती. दूधतूप सोडलं तेव्हा तिच्या शेजारी एक पिवळसर बाळ येऊन उभं राहिलं. मग डाळीची, केशरी झग्यातली पोरगी, मग गुळाचा तांबूस मुलगा. चौघं एका शब्दानं बोलत नव्हती. नुसती भिजत उभी राहायची.

घाबरलात ना? बकुळीही घाबरली. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. पण ती पोरं थंडीनं कुडकुडत होती, आणि कुडकुडणाऱ्याला बघून तिला राहवायचं नाही. तिनं आपल्या फाटक्या परकराचे चार तुकडे केले आणि ओट्यावर ठेवून दिले. सकाळी चारही तुकडे ओले झालेले होते.

धुकं दाट झालं की तळ्याच्या मधून एक बारीक हाक यायची. "हो नावाडीऽ, मला घे." तिथं तर ना काठ ना बेट. बकुळी उठली की आबा तिचा हात धरायचे. "ओ देऊ नगंस पोरी. माझा बा या तळ्यात नाहीसा झाला, तवापासनं ही हाक येतीया." बोलताना त्यांचा चेहरा पांढराफटक व्हायचा.

एके दिवशी भाकरीकडे पाठ करून आबा म्हणाले, "उद्या सगळंच सोडतो बघ. काईच खात न्हाई."

बकुळीला रडू फुटलं. ती तशीच होडीत बसली. सूर्य बुडायला आला होता. चौघं पोरं एका पानावरून दुसऱ्या पानावर पाय टाकत पुढे निघाली, आणि बकुळी त्यांच्या मागं वल्हवत गेली. ती पोरं तिला तळ्याच्या टोकाला, कमळांच्या बागेत घेऊन आली.

बागेत चिटपाखरू नव्हतं. पानं हलत होती, पण आवाज येत नव्हता. एवढ्यात एक गुलाबी कमळ पाकळी पाकळी उलगडलं आणि त्यातून परी बाहेर आली. चतुर किड्याच्या पंखांसारखे झिरझिरीत निळे पंख, केसांत दवाचे टपोरे थेंब, पायांत चांदण्यांची नाजूक पैंजणं. तिच्या उजेडानं पाणी सोनेरी झालं, पण कमळांच्या सावल्या मात्र उलट्याच, तिच्याकडे पडल्या.

"माझ्या मासोळ्यांना भाकरी घालणारी तूच ना?" परी हळुवारपणे म्हणाली. "तुला एक इच्छा देते. पण तिचे नियम आहेत हं. मागशील ते लगेच मिळेल. मिळालेलं मला परत घेता येणार नाही. आणि मागण्याआधी एकदा मागं वळून बघायचं."

'आबांना हलकं कर' हे शब्द बकुळीच्या अगदी ओठांवर होते. तिनं ते गिळले आणि मागं वळून पाहिलं.

पाण्यापासून हातभर वर एक माणूस तरंगत होता. त्याच्या छातीतून पलीकडची कमळं दिसत होती. तो एका पानावर टेकायला बघायचा, आणि वाऱ्याची झुळूक आली की पुन्हा वर उचलला जायचा. आबांपेक्षाही तो तरुण होता, कारण धुक्यात वय वाढत नाही. त्याच्या मनगटात काळ्या दोऱ्यात ओवलेली कवडी होती. अगदी तशीच कवडी आबांच्या हातात होती, आणि त्यांना ती त्यांच्या वडलांनी बांधली होती.

"हे माझे आजोबा आहेत," बकुळी पुटपुटली.

"त्यानं आधी भाताला घालवलं, मग डाळीला, मग बाकीच्यांना," परी म्हणाली. "घरात कुणीच उरलं नाही, तेव्हा माझ्याकडे आला आणि म्हणाला, मला हलकं कर. त्यानं मागं वळून बघितलं नाही."

"त्यांना खाली आण ना."

परीनं मान खाली घातली. "माझं दिलेलं मला परत घेता येत नाही, बाळ. माणसांना येतं का, ते मला ठाऊक नाही."

बकुळीनं पुन्हा एकदा आजोबांकडे पाहिलं. मग म्हणाली, "आबांना हलकं नको करूस. पोट भरलं की त्यांना कळू दे, एवढंच कर."

परीचे पंख लखलखले. तिनं कमळाच्या गाभ्यातून एक वाटुली काढली, बकुळीच्या मुठीएवढी, आतून मोत्यासारखी चमचमणारी. "या वाटीत भातानं, डाळीनं, सगळ्यांनी यायचं. कुणाला दारातून परत पाठवायचं नाही. आणि एका जेवणात कुणी दोनदा बसायचं नाही. पण घाई नको करूस. होडी काही एका दिवसात जड झाली नव्हती."

घरी येऊन बकुळीनं आबांना सगळं सांगितलं. कवडीचं ऐकल्यावर त्यांनी आपल्या मनगटातल्या कवडीवरून बोट फिरवलं. पहाटे ते तळ्यात उतरले, ओंजळीत पाणी घेतलं, आणि या खेपेला ते सोडण्याऐवजी पिऊन टाकलं. "भाता, ये. दूधतुपा, ये. डाळी, ये. गुळा, तूबी ये बाबा. चुकलो मी."

चौघं पोरं पाण्यातून वर आली आणि उंबरा ओलांडून आत शिरली. जमिनीवर चार जोड्या ओली पावलं उमटली. ती चुलीपाशी, मडक्यांपर्यंत गेली आणि तिथंच संपली.

त्या दिवसापासून भिवाच्या ताटात सगळेच आले. वाटीभर भात, वाटीभर वरण, वर तुपाची इवलीशी धार, पालेभाजी, एक भाकरी आणि गुळाचा खडा. पहिल्या दिवशी त्यानं पुन्हा भाताकडे हात नेला, तर वाटी काळीठिक्कर पडली. "थांबा जरा, आबा," बकुळी म्हणाली. दोघं चुलीपाशी बसून राहिली. थोड्या वेळानं भिवानं पोटावरून हात फिरवला. "भरलं की गं," तो नवलानं म्हणाला. वाटी पुन्हा चमकली. संध्याकाळची ती वखवख पुन्हा कधी सुटली नाही.

राहिले उतारू. "देणाऱ्यासमोर खावं एवढीच रीत आहे ना?" बकुळीनं विचारलं. "एकट्यानंच खावं असं कुठं आहे?" मग लाडू आला की भिवा होडीतल्या माणसांएवढे त्याचे तुकडे करायचा. आधी उतारूंनी नाकं मुरडली. चार दिवसांत मात्र कुणाच्या लाडवात वेलची जास्त यावर गप्पा रंगायला लागल्या.

होळीला रेघ पाण्याखाली लालसर दिसायला लागली. पाडव्याला पाण्याबाहेर आली. आबा आता काठाची चढण न थांबता चढायचे.

चैत्री पुनव उजाडली. पालखी होडीत ठेवली, चार भोई बसले, पाटील बसले. पाटलांनी वाकून बोटं लावली. रेघ पाण्याच्या दोन बोटं वर होती. "निघा," ते म्हणाले.

होडी तळ्याच्या मधोमध आली आणि चैत्रात कधी पडत नाही ते धुकं भरदिवसा उतरलं. भोई एकमेकांना दिसेनात. अन् अगदी जवळून हाक आली, "हो नावाडीऽ, मला घे."

"आबा, उतारू बोलावतोय," बकुळी म्हणाली.

"ओ देऊ नगंस," पाटील दबक्या आवाजात म्हणाले. "दोनच बोटं उरल्यात. आणखी एक माणूस चढला आन् रेघ बुडाली, तर होडी गेली तुझी. मला शब्द फिरवता यायचा न्हाई."

भिवानं वल्ही थांबवली. आपल्या मनगटातल्या कवडीकडे बघितलं. मग आयुष्यात पहिल्यांदा त्या हाकेला तो ओ देता झाला. "आलो, बा."

धुक्यातून एक आरपार हात आला आणि त्यानं होडीची कड धरली. माणूस मात्र वरच तरंगत राहिला, त्याला खाली येता येईना. बकुळीनं शिदोरी सोडली आणि वाटीतून पहिला घास त्याच्या तोंडात घातला. भाताच्या घासासरशी त्याचे पाय फळीला टेकले. वरणाच्या घासानं त्याच्या गालांवर रंग आला. तुपाच्या घासानं डोळे ओले झाले. होडी कुरकुरली आणि खाली गेली. दोन बोटांचं दीड झालं, मग एक झालं. गुळाचा खडा तोंडात पडल्यावर तो होडीत नीट मांडी घालून बसला, आणि रेघ पाण्यापासून जेमतेम नखभर उरली.

"आणखी दे," आजोबा म्हणाले. केवढ्या वर्षांची भूक होती ती. त्यांचा हात पुढे आला. पाटील रेघेकडे बघत होते.

बकुळीचे डोळे भरून आले. तिनं तो थंड हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "आता बास, आजोबा. घरी चला. उद्या परत जेवायचंय आपल्याला."

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. उद्या हा शब्द त्यांनी फार दिवसांनी ऐकला होता. त्यांनी हात मागं घेतला.

पाटलांनी नख लावून बघितलं. "दिसतीया रेघ," ते म्हणाले, आणि डोळे पुसायला तोंड फिरवलं.

तेव्हा धुक्यात निळेनिळे पंख उघडले. परी पालखीच्या वर क्षणभर थांबली. बकुळीच्या हातातली वाटुली आपोआप उचलली गेली, तिचे कण कण होऊन मोत्यांसारखे चमकले, आणि परी त्या झगमगत्या उजेडात विरून गेली. तिच्याबरोबर धुकंही गेलं. पलीकडचा काठ समोर लख्ख दिसत होता.

होडी टेकली. भिवा उतरला, मग आजोबा. काठावरच्या ओल्या चिखलात आजोबांचं पाऊल खोल उमटलं. ते तिथंच उभे राहून त्या पावलाकडे बघत राहिले. भिवानं बापाचा हात धरला.

त्या तळ्यावर हाक पुन्हा कधी आली नाही. लाडू मात्र अजूनही मोडतात, होडीत माणसं असतील तेवढे तुकडे करून. आणि रात्री झोपडीत ताटं तीन मांडतात.