येसूची गाठ

एका घाटमाथ्यावर एक शाळा होती आणि त्या शाळेत एक हौशी गुरुजी होते. कडे चढणं, दोरावरून ओढा ओलांडणं असले धाडसी खेळ ते मुलांना शिकवत. म्हणत, "यातूनच पोरं एकजुटीनं वागायला आणि अडचणीतून वाट काढायला शिकतात." बोलणं लाखमोलाचं होतं हो, पण करणी बघा.

राजेसाहेब हे खेळ बघायला येणार असं कळलं आणि गुरुजींची घाई सुरू झाली. त्यांनी कामं वाटूनच टाकली. गाठी येसूने मारायच्या. दोर मल्हारीने टाकायचा. सगुणा अंगाने दणकट, तिने बाकीच्यांबरोबर ओढायचं. रोज तेच आणि तेच. पोरं अशी तयार झाली की बघता बघता कडा सर!

एकदा सगुणा म्हणाली, "गुरुजी, मलापण गाठ मारायला शिकवा ना."

"तुला कशाला नसती उठाठेव? राजेसाहेबांपुढे घोळ घातलास तर बघ!"

बिचारी पुन्हा दोर ओढायला गेली.

राजेसाहेब यायच्या आदल्या दिवशी येसू तापाने फणफणली. "एका पोरीवाचून काय अडतंय? आज गाठी मी मारतो," असं म्हणत गुरुजी बाकीच्यांना घेऊन कड्यावर गेले. दोर सोडायची जागा बघायला ते वाकले, पायाखालचा दगड निसटला आणि गुरुजी खाली! तीन माणसांच्या उंचीइतके खोल, एका अरुंद कपारीवर अडकले. उजवा हात मोडला होता. कपारीची माती ढासळत होती आणि तिच्याखाली नुसती दरी. गाव दोन कोस लांब.

"घाबरू नका रे!" गुरुजी खालून ओरडले. "दोराला फास करा, मी अंगात अडकवतो. सगुणा, टोक खालून घे, मग मागून फिरव!"

"खालून म्हणजे कसं, गुरुजी?" सगुणाने वरून विचारलं. ऐकून का कुठे गाठ येते? तिने रडत रडत जमेल तशी मारली. मल्हारीने दोर टाकला, गुरुजींनी डाव्या हाताने फास काखेत अडकवला, आणि पोरांनी जीव खाऊन ओढायला सुरुवात केली.

गुरुजी अर्ध्यावर आले आणि गाठ सुटली.

गाव जमला तेव्हा मल्हारी हुंदके देत सांगत होता, "दोर मी बरोब्बर टाकला होता." बाकीची म्हणाली, "आम्ही शेवटपर्यंत ओढत होतो." येसू तशीच तापात, आईला धरून आली होती. ती म्हणाली, "मी तर घरी होते." सगुणा दोराचं सुटलेलं टोक घेऊन पुन्हा पुन्हा तीच गाठ मारून बघत होती.

कोणी खोटं बोलत नव्हतं. ज्याने त्याने आपलं काम चोख केलं होतं, आणि गुरुजी गेले ते गेलेच.

तात्पर्य: कामं वाटून घेतली म्हणजे एकजूट होत नाही, बाळांनो, सोबत्याचं काम आपल्या हातांना आलं, तरच सोबत अडीनडीला उपयोगी पडते.