पाठमोरा पंच

साग आणि मोहाच्या एका जंगलात एक छोटी खार राहत असे. उड्यांचे तिला भारी वेड. त्या जंगलात दरवर्षी पिल्लांच्या उड्यांची स्पर्धा भरे. उंच फांदीवरून कोलांटउडी मारत खाली पसरलेल्या वाळक्या पाचोळ्यावर उतरायचे, आणि ज्याच्या उतरण्याने पाचोळा सर्वांत कमी वाजेल तो पहिला. पहिल्याला नदीपलीकडच्या मोठ्या स्पर्धेला जायला मिळे. खारीला तिथे जायचे होते. पुढच्या वर्षी ती पिल्लांत मोडणार नव्हती, म्हणजे ही तिची शेवटचीच संधी होती.

आता गंमत बघा, मुलांनो. स्पर्धेचा पंच होता एक म्हातारा वानर. जंगलातली बहुतेक पिल्ले ज्या आखाड्यात शिकत, तो आखाडाही त्याचाच, म्हणून सगळे त्याला वस्ताद म्हणत. शिकवणार तोच आणि नंबर देणारही तोच. दरवर्षी पहिला नंबर आखाड्यातच जाई, आणि मग आखाड्यात नव्या पिल्लांची रीघ लागे. हे सर्वांना दिसत होते, पण आपलेही पिल्लू त्याच्याच हाताखाली आहे म्हणून सगळे गप्प. असल्या गप्प बसण्याला शहाणपण म्हणतात, याचा मला फार राग येतो.

त्या वर्षी वस्तादाचा लाडका चेला, एक माकडाचे पिल्लू, धपकन उतरला आणि पाचोळा चांगलाच खरखरला. मग खार उतरली, ते कुणाला ऐकूही आले नाही. वानराने निकाल दिला, "चेला पहिला. खारीचा पाचोळा फार वाजला."

खारीची आई तिच्या कानाशी लागली, "जाऊ दे बाळा. वस्तादांशी वाकडं कशाला घ्यायचं?"

"वाकडं मी नाही घेतलेलं, आई," खार म्हणाली आणि मैदानाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "वस्ताद, पाचोळा कानांनी ऐकायचा असतो ना? मग आमच्याकडे पाठ करून बसा. मी आणि तुमचा चेला पुन्हा उतरतो."

सर्वांदेखत नाही म्हणणे बरे दिसले नसते. शिवाय चेला नेहमी आधी उतरतो, हे वानराला ठाऊक होते. तो खुशाल पाठ करून बसला.

फांदीवर खार चेल्याला हळूच म्हणाली, "तू इथेच बस. दोन्ही उड्या मी मारते. बघू तुझे वस्ताद काय म्हणतात." चेल्याने थोडा विचार केला आणि तो बसून राहिला. खार उतरली, पुन्हा वर चढली आणि तशीच उतरली. दोन्ही वेळा एक पानही वाजले नाही.

"पहिली उडी, वा, काय सफाई," वानर मान न वळवता म्हणाला. "दुसरीने मात्र पाचोळा पार उधळला. कान दुखले माझे."

"वस्ताद, दोन्ही उड्या माझ्याच होत्या."

वानराने वळून पाहिले. चेला अजून फांदीवरच होता. "बरं पोरी, तूच पहिली," तो कसाबसा म्हणाला. "झालं समाधान?"

"नाही झालं. तुमच्या हातचा नंबर मला नको. ज्याचा चेला मैदानात नाही, त्याला पंच करा."

"माझ्याशिवाय इथे उड्यांतलं कळतं कुणाला?"

तेव्हा गर्दीतून एक हरिणी पुढे आली. "माझं पाडस तुमच्याच आखाड्यात आहे, वस्ताद. तरी मी म्हणते, साळूला बसवा. तिला ऐकू येतं, तेवढं पुरे." मग एकेक जण तेच म्हणू लागला. वानराला जागा सोडावी लागली आणि अंगभर काटे असलेली म्हातारी साळू तिथे बसली. तिच्या घरात कधी कुणी उडी मारलेलीच नव्हती.

चेलाही खाली आला. "मलाही पुन्हा उतरू दे, साळूआजी. आजवरचे नंबर माझे होते की वस्तादांचे, तेच मला कळलेलं नाही."

सगळी पिल्ले पुन्हा उतरली. साळूने डोळे मिटून ऐकले. खार पहिली आली आणि नदीपलीकडे गेली. चेला तिसरा आला, आणि दिवसभर ज्याला त्याला सांगत सुटला, "मी तिसरा आलो. आणि हा नंबर माझा आहे."

तात्पर्य, आणि हे मोठ्यांनीही ऐकावे : ज्याचा चेला मैदानात आहे, त्याने पंचाच्या जागेवर बसू नये, आणि बसलाच, तर त्याला उठवायला लहानांनीही घाबरू नये.