रिकाम्या वाटीचा निरोप

एका राज्यात सगळी दारं उघडत होती आणि मिटत होती, एक सोडून. ते एक दार वेशीवरचं. ते ना उघडं होतं, ना बंद. त्याच्या उंबऱ्यावर मालनचा भाऊ सारंग उभा होता, एक पाय अलीकडे, एक पाय पलीकडे, आणि कमरेपर्यंत दगडाचा.

हे असं कसं झालं, ते ऐका.

त्या राज्याच्या आजूबाजूला आणखी सहा राज्यं होती. फार मागे एका मांत्रिकाने सातांचं मिळून एक मंडळ बांधलं. प्रत्येक राजाला त्याने एक सोन्याची वाटी दिली, प्रत्येकाकडून एक चांदीची घेतली. वाट्या भरून आल्या, भरून गेल्या, आणि गाठ बसली. मांत्रिक म्हणाला, "ज्याला निघायचं असेल त्याने माझी वाटी मला परत करावी. मी त्याची वाटी त्याला परत करीन. गाठ सुटेल." एवढाच काय तो मंत्र. यात अवघड काय, असं सगळ्यांना वाटलं.

मांत्रिक गेला, त्याचा मुलगा गेला, नातू वज्रनाभ गादीवर बसला. मंडळ चालू होतं. वेशीवरची दारं एकमेकांच्या हाकेला उघडत. लोक इकडून मीठ नेत, तिकडून सून आणत. मग हळूहळू कुरकुर सुरू झाली. आपल्या विहिरीवर रहाट कसा बसवायचा हेसुद्धा तिकडे मंडळात बसून ठरवतात, असं कोणी म्हणालं. कोणी म्हणालं, तिकडे कोण, आपलाच प्रधान तर बसतो तिकडे. भांडण वाढलं, तेव्हा राजाने चौकात दोन रांजण ठेवले. निघायचं असेल त्याने काळी गारगोटी टाकावी, राहायचं असेल त्याने पांढरी.

मालनने काळी टाकली. तिला त्या दिवशी सगळ्यांचाच राग आला होता, विशेषतः ज्यांच्या मिशा पांढऱ्या होत्या त्यांचा. काळी गारगोटी हाताला जड लागली आणि तिला बरं वाटलं. सारंगने पांढरी टाकली आणि तो पलीकडच्या राज्यात निघाला. त्याची बायको रेवा माहेरी गेली होती, तिला आणायला.

काळ्या गारगोट्या थोड्याच जास्त भरल्या. दवंडी पिटली, तेव्हा सारंग नेमका उंबऱ्यावर होता. दाराला कळेना, आता उघडं राहावं की मिटावं. ते अर्ध्यावर थांबलं. सारंगचे पाय उंबऱ्याला चिकटले आणि घोट्यापर्यंत दगड झाले.

दाराच्या माथ्यावर एक भारद्वाज बसत असे. तो बोलत असे, त्याचं कोणाला नवल नव्हतं. तो म्हणाला, "राज्य धड आत नाही, धड बाहेर नाही. ते असं लोंबकळेल तोवर दगड वर चढत जाईल. ओठांपर्यंत पोचला की झालं."

मालनने दरबार गाठला. राजा म्हणाला, "चिंता करू नकोस, मुली. आमचे वडीलधारे वाटी घेऊन निघालेच आहेत."

पहिल्यांदा प्रधान गेले. सोन्याची वाटी रेशमात गुंडाळून, पालखीत बसून, वाजत गाजत गेले. लोक वेशीपर्यंत पोचवायला आले, पुढे पालखी डोंगराच्या वाटेला लागली. प्रधान परतले तेव्हा वाटी त्यांच्याच मांडीवर होती. म्हणाले, "बोलणी उत्तम झाली. वज्रनाभांनी फार आदर केला." गाठ मात्र सुटली नव्हती. सारंगचे गुडघे दगड झाले.

मग सेनापती गेले. ते घोड्यावर गेले आणि मिशीला पीळ देत गेले. तेही वाटी घेऊनच परतले. "आम्ही ठणकावून सांगितलं," असं ते म्हणाले. काय सांगितलं, ते त्यांना नीट आठवेना. सारंगच्या मांड्या दगड झाल्या.

तिसऱ्यांदा राजगुरू गेले. ते मुहूर्त पाहून गेले. परतले आणि म्हणाले, "निघणं म्हणजे नेमकं काय, यावर आधी विचार व्हायला हवा." दगड कमरेला लागला.

आता मात्र चौकात लोकांचा तोल सुटला.

"अहो, निघालो की नाही आपण?"

"निघालो म्हणे, पण अजून पोचलो नाही."

"कुठे पोचायचंय?"

"ते काळ्या गारगोटीवाल्यांना विचारा."

"आम्हाला काय विचारता? आम्ही निघा म्हटलं होतं, दारात उभे राहा म्हटलं नव्हतं!"

"मग राहू या ना परत."

"राहू या म्हणजे? काय चेष्टा आहे?"

मिठाचा भाव विचारायला आलेली एक बाई म्हणाली, "बाबांनो, आत राहा नाहीतर बाहेर जा, पण माझी म्हैस पलीकडे चरायला गेलीय, तिला अर्ध्या दारातून आणू कशी?" प्रत्येकाला दुसऱ्याचं म्हणणं चूक वाटत होतं, आणि आपलं बरोबर कसं ते सांगता येत नव्हतं.

मालनला कोणाची बाजू घ्यावी कळेना. काळी गारगोटी तिचीही होती. ती वेशीवर गेली.

सारंग तिला बघून हसला. "ये, माले. एक बरं झालं. इतके दिवस उभं राहून कंबर दुखायची, आता दुखत नाही."

"गप्प बस, दादा."

"गप्प बसायचंच आहे पुढे. बोलू दे आत्ता."

पलीकडे रेवा उभी होती. दार अर्धं असल्यामुळे तिला इकडे येता येत नव्हतं, मालनला तिकडे जाता येत नव्हतं, पण हात पोचत होता. रेवाने पितळी वाटीतून खीर आणली होती. तिने सारंगला भरवली, उरलेली मालनकडे दिली. "घ्या वन्सं, तुम्हीही उपाशी असाल."

मालनने खीर संपवली. वाटी धुतली. परत द्यायला हात पुढे केला आणि मध्येच थबकली. पदराच्या गाठीला गुळाचा खडा होता. तो तिने कधी सोडला आणि कधी वाटीत टाकला, तिचं तिलाच कळलं नव्हतं.

"काय झालं?" रेवाने विचारलं.

"वहिनी, मी हा गूळ का टाकला?"

"अगंबाई! म्हणजे काय? कोणी रिकामं भांडं परत करतं का?"

"आणि या गुळाच्या वाटीतून उद्या तू काय आणशील?"

"काहीतरी आणीनच की. रिकाम्या हाताने कशी येऊ?"

मालन दाराच्या माथ्याकडे बघून ओरडली, "भारद्वाजा, प्रधानजी गेले तेव्हा वाटीत काय होतं?"

"मोती," भारद्वाज म्हणाला.

"आणि सेनापती गेले तेव्हा?"

"केशर."

"राजगुरूंच्या वेळी?"

"बेसनाचे लाडू. आणि येताना तिन्ही वेळा वाटी काठोकाठ भरलेली. तिकडून कधी बदाम, कधी कस्तुरी, कधी शेवया."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला बघितलं की लोक हात जोडतात आणि पुढे जातात," भारद्वाज म्हणाला. "विचारतं कोण?"

मालन धावत दरबारात गेली. तिने सगळं सांगितलं. भरलेली वाटी ही परत केलेली वाटी नव्हे, ती भेट. भेटीला परतभेट येते, आणि प्रत्येक फेरीला गाठ घट्ट होते. "वाटी रिकामी न्या," ती म्हणाली. "बाकी काही करू नका."

मग प्रधान म्हणाले, "रिकामी?"

"रिकामी."

"तीन पिढ्यांचा शेजार आणि वाटी रिकामी? लोक आपल्याला काय म्हणतील?"

"लोक आत्ता काय म्हणतायत ते चौकात जाऊन ऐका."

सेनापती म्हणाले, "निघायचं तर निघू. पण अब्रूने निघू."

"तुमची अब्रू माझ्या भावाच्या कमरेपर्यंत चढलीय," मालन म्हणाली. "राजगुरू, तुम्ही तर बेसनाचे लाडू घेऊन घटस्फोट मागायला गेलात!"

राजगुरू पुटपुटले, "तूप चांगलं होतं." राजाने कपाळाला हात लावला. काय करावं त्यालाही कळत नव्हतं, पण न कळण्याचा त्याला आता कंटाळा आला होता. तो उठला, सोन्याची वाटी पुसली आणि मालनच्या हातात दिली. "जा," तो म्हणाला. "अपमान झाला तर माझ्या नावावर घाल."

वज्रनाभाच्या वाड्याकडे जायला दाराच्या अलीकडूनच डोंगरातून एक आडवाट होती, ती फक्त वाड्यापर्यंतच जाई. मालन त्या वाटेने निघाली. वाटी रिकामी न्यायची, यात अवघड काय, असं तिला वाटलं. पण त्या मुलखात रिकामं भांडं कोणालाच बघवत नसे, झाडांनासुद्धा.

पहिल्यांदा एका जांभळीने तिला हाक मारली. "पोरी, असं भांडं घेऊन परक्या दारात जाऊ नये," असं म्हणून तिने फांदी वाकवली आणि वाटीत जांभळं ओतली. मालनने ती खाल्ली नाहीत, फेकली नाहीत. झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि म्हणाली, "आजी, राग मानू नका." जांभळी बराच वेळ पानं सळसळत राहिली. रागावली होती.

दुसऱ्यांदा मागून घोड्याच्या टापा ऐकू आल्या. प्रधान होते. घामाघूम झाले होते. "थांब. पूर्ण भरू नकोस, पण चिमूटभर साखर तरी असू दे. कोणाला दिसणारही नाही." त्यांनी मूठ पुढे केली. मालनला पहिल्यांदा जाणवलं, की हे गृहस्थ लबाड नाहीत. त्यांना खरोखरच भीती वाटत होती. तिचा राग थोडा कमी झाला, पण वाटी धरलेला हात खाली आला नाही. "प्रधानजी, ती साखर तुम्ही खा," ती म्हणाली. "तोंड सुकलंय तुमचं." प्रधान वाटेतच एका दगडावर बसले आणि त्यांनी साखर खाल्ली.

तिसऱ्यांदा कोणी आलं नाही. फक्त भारद्वाज उडत आला आणि म्हणाला, "गळा." म्हणजे दगड गळ्याशी पोचला होता. मालनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि एक थेंब थेट वाटीकडे निघाला. तिने वाटी झटकन उलटी केली. थेंब सोन्याच्या पाठीवर पडला आणि ओघळून गेला. रडायचं नंतर, असं तिने स्वतःला बजावलं.

वज्रनाभ मांत्रिक उंच गादीवर बसला होता. मालनला वाटलं होतं, डोळ्यांतून जाळ काढणारा असेल. हा तर थकलेला म्हातारा होता. त्याच्यापुढे केशर, बदाम आणि मोत्यांच्या राशी पडल्या होत्या.

"कशाला आलीस?" त्याने विचारलं.

"वाटी परत करायला."

"कितव्यांदा करताय परत! गाठ काही सुटत नाही. मंत्र आजोबांचा, मला फक्त पाठ आहे. माझंही डोकं फिरायची वेळ आली." मग त्याने वाटीत डोकावून बघितलं. त्याचा चेहरा पडला. "ही रिकामी आहे."

"हो."

"आमचं काही चुकलं का?"

ओरडायचं म्हणून आलेल्या मालनचा आवाजच खाली आला. "नाही," ती म्हणाली. "चुकलं काहीच नाही. फक्त वाटी परत करायची आहे." तिने ती गादीसमोर ठेवली. सोन्याचा दगडावर टण् असा आवाज झाला. कुठेतरी दूर एक गाठ अर्धी सुटली.

"आता आमची द्या," ती म्हणाली.

वज्रनाभाने फडताळातून चांदीची वाटी काढली. काळी पडली होती. ती पुसता पुसता त्याचा हात आपोआप बदामांच्या राशीकडे गेला.

"हात मागे घ्या, आजोबा."

"अगं, पण रिकामी कशी देऊ? माणसं काय म्हणतील?"

"हेच. अगदी हेच आमच्याकडेही म्हणतात," मालन म्हणाली आणि तिला हसू आलं, तशात रडूही आलं. वज्रनाभ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने मूठ उघडली. बदाम खाली पडले. त्याने दोन्ही हातांनी रिकामी वाटी तिला दिली आणि मान फिरवली.

गाठ सुटली. सातही राज्यांत लोकांना एकाच वेळी कानाशी टिचकी वाजल्यासारखं झालं.

वेशीवरचं दार कुरकुरलं, आधी पूर्ण मिटलं, मग पूर्ण उघडलं, मग पुन्हा मिटलं, जणू आपल्याला अजून जमतं का ते बघत होतं. दगड सारंगच्या हनुवटीवरून खाली उतरला, छातीवरून, कमरेवरून, घोट्यांवरून. मालन धापा टाकत पोचली तेव्हा तो उंबऱ्यावर बसून पाय चोळत होता.

"कंबर दुखतेय," तो म्हणाला. मग मालन पोटभर रडली.

सारंग उठला आणि पलीकडे गेला, कारण रेवा तिकडे होती. काही दिवस तिकडे राहीन, मग बघू, असं म्हणाला. आता त्या दाराला हाक मारून भागत नसे, कडी वाजवावी लागे. कडी वाजवली की कोणीतरी येऊन उघडत असे. म्हैस परत आली. प्रधानांनी कामातून निवृत्ती घेतली आणि जांभळीखाली बसू लागले. निघालो ते चांगलं झालं की वाईट, यावर चौकात पुढेही भांडणं होत राहिली, पण आता भांडून झाल्यावर लोक घरी जात.

काही दिवसांनी वेशीची कडी वाजली. मालनने दार उघडलं. रेवा उभी होती, हातात तीच पितळी वाटी, वर फडकं झाकलेलं.

"फणसाची सांदणं केली होती, वन्सं. म्हटलं, द्यावीत."

मालनने सांदणं काढून घेतली, वाटी धुतली आणि हातात धरून उभी राहिली. रिकामी द्यावी की भरून? भरली तर पुन्हा काही बांधलं जाईल का? रिकामी दिली तर वहिनीला काय वाटेल? तिला काही कळेना. माथ्यावर भारद्वाज बसला होता. मालनने वर बघितलं.

"मला विचारू नकोस," तो म्हणाला. "आता मंत्र नाही. आता तुझी मर्जी."

मालनने पदराची गाठ सोडली, गुळाचा खडा वाटीत टाकला आणि वाटी रेवाच्या हातात दिली. कोणाचे पाय दगड झाले नाहीत. रेवा गेली, दार तिच्या मागे मिटलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं.

मालनच्या दाराची कडी वाजली तशी तुमच्याही दाराची वाजो, आणि दार उघडायला घरात कोणीतरी असो.