गोजराईने उलटवलेली हंडी

फार मागली गोष्ट. आपल्या आज्याच्या आज्यानेसुद्धा ती ऐकलेली, पाहिलेली नाही. घाटाच्या कुशीत धारेवाडी नावाचं गाव होतं आणि त्या गावात गोजराई राहायची. तिला वेड होतं रानपाल्याचं. पान दिसलं की चुरगाळायची, हुंगायची, देठ मोडून चीक बघायची. असं म्हणतात, की ती वाटेने निघाली की झुडपं आपणहून पानं उलटी करून दाखवायची. आता खरं-खोटं त्या झुडपांनाच ठाऊक!

अशा वेड्यांना सोबतही वेड्यांचीच मिळते. वरच्या कातळाच्या सड्यावरचा बिरू धनगर, देवाला पत्री आणणारा सोमा गुरव आणि ओढ्यापलीकडची चांगी कातकरीण. ही चौघं जमली की एकेका नेच्यावरून घसा बसेस्तोवर भांडायची. गाव हसायचं. म्हणायचं, "बसलेत बघा, पाल्याला नावं ठेवत!"

मग एका पावसाळ्यात वरची दरड कोसळली. वाट बुजली. कणग्यांत पाणी शिरून दाणा न् दाणा कुजला. गोजराईची सून द्वारका नुकतीच बाळंत झालेली. पोटात अन्न नाही, तर अंगावर दूध कुठलं? तान्ही नात आधी रडली, मग कण्हली, मग तेही थांबलं. गोजराई घटकेघटकेला तिच्या नाकाशी बोट धरून बघायची, श्वास चालू आहे ना म्हणून.

अशात बायकांना दरडीच्या ओल्या मातीत नेचा दिसला. लुसलुशीत, गोल वळलेले कोंब, नुसते माजलेले. टोपल्या भरभरून आणले. देवळापुढे हंडी चढली, वाफ निघाली आणि गावाच्या तोंडाला पाणी सुटलं.

गोजराईने एक कोंब उचलून चुरगाळला. असले कोंब तिने जन्मभर खाल्ले होते. पण याची लव जरा दाट होती आणि वासात काहीतरी कडवट होतं. तिने तो पुन्हा हुंगला.

"थांबा रे," ती म्हणाली. "मला याची ओळख पटत नाय."

"आये, माझं पोर चाललंय!" तिचा लेक धाकू ओरडला. "सर बाजूला!"

ती सरली नाही. पळी मांडीखाली दाबून हंडीला आडवी बसली आणि म्हणाली, "माझ्या माणसांना हाळी घाला. ती सांगतील."

सोमा देवळातून धावत आला. बिरू कडा उतरून आला. चांगी तर फुगलेल्या ओढ्यातून आली. असं म्हणतात, की ओढ्याने दुभंगून तिला वाट दिली. चांगीला विचारलं असतंत तर तिने त्या ओढ्याला चार शिव्या हासडल्या असत्या.

बिरूने कोंब बघितला आणि तो हसलाच. "अगं, ही तर कोंबडनखी! खातात की."

"कोंबडनखीच," सोमाही म्हणाला. "शंकाच नको."

झालं! लोक ताटल्या घेऊन पुढे सरसावले. पायरीवर द्वारका पोरीला पदराखाली घेऊन बसली होती, तिने वाटी पुढे केली. गोजराईचा हात पळीकडे गेला. तिलाही 'हो' म्हणायचंच होतं हो, अगदी जिवापासून म्हणायचं होतं. पण आतून काहीतरी टोचत राहिलं. तिने सोमाला देवळामागे नेलं.

"तुझी कोंबडनखी उन्हाळ्यात कशी दिसते रे?"

"हिरवीगार. बारमाही असते ती."

मग तिने बिरूला बाजूला घेऊन तेच विचारलं.

"उन्हाळ्यात?" बिरू म्हणाला. "करपून मुठीसारखी वळते की."

नाव एक आणि झाडं दोन! मग हंडीत शिजतंय ते यातलं कुठलं? की दोन्ही नाही? तिने चांगीकडे बघितलं. चांगी कधीची कोंब उलटासुलटा करत होती.

"आमच्यात याला नावच नाय, बाय," चांगी म्हणाली. "आमी खात असतो तर नाव असतं."

गोजराईने हंडीला लाथ मारली. भाजी चुलीत सांडली, जाळ विझला. एकच आकांत उसळला. धाकूने आईवर हात उगारला, तो बिरूने वरच्या वर धरला. द्वारका किंचाळली, "खाल्लंत माझ्या लेकीला!" गोजराईने ते ऐकलं. डोळ्यांतून धारा लागल्या, पण तिने रिकामी टोपली उचलली.

तशीच ती चौघं भर पावसात रानात घुसली. एका हिरड्यावर करांद्याची, म्हणजे अंगावरच कंद लटकणारी, वेल चढलेली दिसली. या खेपेला गोजराईने प्रत्येकाला वेगळं उभं केलं. पान कसं, फळ कसं, उन्हाळ्यात वेलीचं काय होतं, सगळं एकेकाला कानात विचारलं. चौघांचं बोलणं तंतोतंत जुळलं. असं म्हणतात, की त्याच क्षणी वेल सरसर वाढली आणि गावात जितकी तोंडं, तितके करांदे तिला लटकले.

कडूपणा जावा म्हणून राख घालून उकडले, पाणी फेकलं, पुन्हा उकडले. पहिला गोजराईने खाल्ला आणि काही होतंय का ते बघत बसली. अख्खं गाव श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होतं. बऱ्याच वेळाने तिने स्वतःच्या हाताने द्वारकेला भरवलं. दुसऱ्या दिवशी दूध उतरलं. पोरीने असा टाहो फोडला, की तो ऐकून गावातली बापयमाणसंसुद्धा रडली.

पुढे किती वर्षांनी द्वारकेने भीत भीत विचारलं, "आत्याबाई, ते विष होतं का हो?"

"मला काय ठाऊक गं बाई!" गोजराई म्हणाली. "असेल गोडही. ओळख नव्हती, एवढंच खरं."

तो नेचा धारेवाडीत आजही माजतो. कुणी खात नाही, कुणी उपटतही नाही. आणि रानभाजीचे दिवस आले की आसपासच्या वाड्या देवळापुढे जमतात. एकेकाला देवळामागे नेऊन, भाजी दाखवून, दुसऱ्याला ऐकू जाणार नाही असं विचारतात, ही कोण? सगळ्यांचं जुळलं तरच हंडी चढते. आणि जो चारचौघांत "मला नाय माहीत" म्हणेल, त्याला गोजराईच्या नावाने पहिलं ताट वाढतात. काही खादाड मुद्दामच तसं म्हणतात हो. त्यांनाही वाढतात.